वाघीण नंबर सात कुठे चालली?

रविवारची सकाळ. साडेआठ. अर्धं चिंचवड अजून पांघरुणात आहे, उरलेलं अर्धं मिसळीच्या रांगेत. आणि आमच्या घराच्या बाजूला असलेल्या बोळवजा बागेत, जास्वंदीच्या झाडाखाली, एक मालगाडी अकरा मिनिटं लेट झालीय.

"कारण?" बाबा विचारतात. गळ्यात शिट्टी, हातात क्लिप लावलेला पुठ्ठा.

"मांजर," मी सांगते.

"रिमार्कमध्ये लिही. रुळावर जनावर."

आणि मी मुकाट्याने लिहिते. मी म्हणजे वय वर्षं ३१, चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत सप्लाय चेन प्लॅनिंगला. आठवडाभर स्क्रीनवर लाखोंचा माल इकडून तिकडे हलवते आणि रविवारी बापाच्या हाताखाली बागेतली मालगाडी चालवते. हसा, हसा. मीही आधी हसलेच होते.

गोल गोल राणी

सुरुवात माझ्या धाकट्या भावामुळे झाली. तो न्यूरेंबर्गला ऑनसाइट होता. येताना चॉकलेटं, परफ्यूम वगैरे नेहमीच्या यशस्वी गोष्टींबरोबर एक भलामोठा खोका घेऊन आला. एलजीबीचा स्टार्टर सेट. एलजीबी ही न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये आणलेली मोठ्या आकाराची मॉडेल रेल्वे. घरात टेबलावर मांडायच्या नाजूक आगगाड्या वेगळ्या. ही बागेत, उन्हापावसात चालावी म्हणूनच केलेली. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण एकास साडेबावीस. म्हणजे खऱ्या साडेबावीस फुटांचा इथे एक फूट. इंजिन दोन हातांनी उचलावं लागतं आणि उचलल्यावर आपण आपोआप सात वर्षांचे होतो.

रूळ जोडले, गोल झाला. गाडी सुरू झाली. आई टाळ्या वाजवत बाहेर आली, शेजारचे दोघं-तिघं कंपाउंडवरून डोकावले. पहिली दहा मिनिटं धमाल. पुढची पाच मिनिटं बरी. मग सगळे हळूहळू आत गेले आणि गाडी बिचारी एकटीच फिरत राहिली.

बाबा मात्र पायरीवर बसून होते. बाबा २०१७ मध्ये रिटायर झाले. एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये अडतीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर त्यांनी काय केलं असं विचाराल तर खरं उत्तर आहे, काही नाही. पेपर, भाजी, टीव्ही, पुन्हा पेपर. दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी मात्र त्यांची नजर घड्याळाकडे जायची, ती मी कितीतरी वेळा पाहिलीय. आमच्यात बोलणं म्हणजे "जेवलीस का?" आणि "बस मिळाली का?" एवढंच.

त्या दिवशी त्यांनी बराच वेळ गाडी पाहिली आणि विचारलं, "ही चाललीय कुठे?"

"कुठे म्हणजे? गोल."

"ते दिसतंय. पण कशाला? आत काय आहे? कुणी मागवलंय?"

भावाने माझ्याकडे पाहिलं, मी भावाकडे. भाऊ पंधरा दिवसांनी परत गेला. प्रश्न बागेतच राहिला.

पुण्यात लहानपण गेलेल्या प्रत्येकाला गोल फिरणारी गाडी माहीत आहे. पेशवे पार्कातली फुलराणी, ८ एप्रिल १९५६ ला सुरू झालेली. तिच्यात बसायला आम्हीही चिंचवडहून जायचो. जिथे चढायचं तिथेच उतरायचं, तरी उतरताना रडायचं. मुलांना तेवढं पुरतं. आयुष्यभर माल रवाना केलेल्या माणसाला पुरत नाही.

कोथरूडची एक दुपार

बाबांना जरा बाहेर काढावं म्हणून एका शनिवारी त्यांना कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं. तुम्ही अजून पाहिलं नसेल तर आधी कान धरा आणि मग जाऊन या. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं हे म्युझियम १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. एका हॉलमध्ये अख्खं छोटं शहर. दिवे मंद होतात, शहरात रात्र पडते, खिडक्या उजळतात, सिग्नल लाल-हिरवे होतात आणि गाड्या धावायला लागतात. माझ्यासमोरचा एक चार वर्षांचा मुलगा पूर्ण शोभर एक शब्द बोलला नाही. त्याचे वडीलही.

बाबा बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, "सिग्नल पाहिलास? गाडी गेल्यावर बरोब्बर लाल. शिस्तीत केलंय काम." परतीच्या वाटेवर म्हणजे जवळजवळ तासभर ते बोलत होते. विषय रेल्वे. आणि मला एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की माझ्या बापाची नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर सुरू झाली होती.

१९७९

हे ऐकायच्या आधी थोडा भूगोल. आपण ज्या पट्ट्यात नोकऱ्या करतो त्याचा कणा हायवे आहे, असं आपल्याला वाटतं. पण रूळ फार आधीचे. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्येच सुरू झाली. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. मधली पाच वर्षं लोक घाट पालखीतून नाहीतर तट्टावरून ओलांडायचे आणि वर येऊन पुन्हा गाडीत बसायचे. मोरया गोसावींचं आणि चापेकरांचं चिंचवड तेव्हा पवनाकाठचं गाव होतं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये आणि मग एकामागून एक कारखाने. लोणावळा लोकल सुरू झाली ती १९७८ मध्ये.

बाबा कामाला लागले १९७९ मध्ये, वय वर्षं २१. काम काय? कंपनीचा माल ट्रकमधून मालधक्क्यावर न्यायचा, वाघिणीत भरून घ्यायचा. वाघीण म्हणजे वॅगन. हा आपला जुना, झकास मराठी शब्द, माझ्या पिढीने तो प्राणिसंग्रहालयातच सोडून दिलाय. तेव्हाच्या चार चाकी बंद वाघिणीत वीस-पंचवीस टन माल मावायचा. भरून झालं की दरवाजा बंद, तारेचं सील, आणि बाजूच्या खाचेत कागदाचं लेबल. कुठून, कुठे, काय. हातात पडायची रेल्वे रिसीट, म्हणजे आरआर.

"आणि वेळेत भरली नाही तर डेमरेज," बाबा म्हणाले. "वाघीण जास्त वेळ अडवली की दंड. घड्याळ रेल्वेचं, पैसे कंपनीचे, शिव्या मला."

मग एक इंजिन यायचं, त्या एकट्या वाघिणीला ओढून बाकीच्या वाघिणींना जोडायचं. पुढे मोठ्या यार्डात गाडी तोडायची, पुन्हा जोडायची. तिथे नंबर टेकर नावाचा माणूस चालत चालत एकेका वाघिणीचा नंबर लिहून घ्यायचा. असं तोडत-जोडत वाघीण मद्रासला पोचायची. कधी आठवड्यात, कधी महिन्यात, कधी भलत्याच गावाला. हरवलेल्या वाघिणीसाठी बाबांनी लिहिलेली पत्रं हा एक वेगळा ग्रंथ होईल.

त्या रात्री मी गुगलवर बसले. आणि सापडलं की बाबांचा प्रश्न, "ही चाललीय कुठे?", जगभरातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांना खूप आधीच पडला होता.

खिशातली वाघीण

अमेरिकेत डग स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये 'मॉडेल रेलरोडर' मासिकात एक पद्धत मांडली. ती पुढे साधारण अशी रुळली. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, कार्डाला खिसा. खिशात एक छोटी चिठ्ठी, तिच्या दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार पत्ते. आजच्या खेळात वाघीण पहिल्या पत्त्यावर पोचवायची. खेळ संपला की चिठ्ठी फिरवायची, पुढच्या वेळी दुसरा पत्ता. चार खेळांनंतर पुन्हा पहिला. बस, एवढंच. पण एवढ्याने गाडी गोल फिरायची थांबते आणि कामाला जायला लागते.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "हे तर आपलं लेबल!"

आमची वाघीण नंबर सात घ्या. तपकिरी, बंद. पहिला पत्ता, रिकामी, कारखाना सायडिंग. दुसरा, मशीनच्या पेट्या भरून मद्रास. तिसरा, तिकडचा माल घेऊन चिंचवड मालधक्का. चौथा पत्ता बाबांनी स्वतः लिहिला, 'सिक लाइन'. नादुरुस्त वाघिणीला रेल्वेत सिक म्हणतात. "दर चार फेऱ्यांनी एकदा आजारी पडतेच," ते म्हणाले. "माणसं नाही पडत?"

आमची बाग ३८ फूट लांब आणि जेमतेम ९ फूट रुंद. त्यात नळाजवळ चिंचवड मालधक्का, पेरूखाली कारखाना, मागे विटांवर उचललेलं लोणावळा. आणि धुण्याच्या दगडामागे, कुणाला दिसणार नाहीत अशा दोन लाइनी, म्हणजे बाहेरचं जग. एक मुंबईची बाजू, दुसरी दौंडची. मद्रासला जाणारी गाडी दगडामागे गेली की पोचली असं धरायचं. आईने दगडावर कपडे आपटायला घेतले की मद्रासला भूकंप होतो.

आठ वाघिणी आहेत. आयात डब्याची किंमत ऐकून आईने देव्हाऱ्याकडे पाहिलं होतं, त्यामुळे चाकं तेवढी विकत आणली आणि वरचे डबे बाबांनी प्लायवूडचे बनवले. रुळांवर माती, मुंग्या, गोगलगायी सगळं येतं आणि करंट अडतो, म्हणून इंजिनातच बॅटरी बसवली आणि रिमोटवर चालवतो. जोराच्या पावसात सेवा स्थगित. कोकण रेल्वेसारखं आमचंही पावसाळी टाइमटेबल आहे.

आठातल्या पाच

आता तुम्ही म्हणाल, आठ वाघिणी पोचवायला किती वेळ लागणार? मलाही असंच वाटलं होतं. पहिल्या रविवारी मी प्लॅनिंगवाली म्हणून थाटात एक्सेल शीट करून आणली. कुठली वाघीण आधी, कुठली नंतर. अर्ध्या तासात यार्ड असं जाम झालं की तळवडे चौक परवडला! पुढची काढायची तर मागची अडते, मागची ठेवायला जागा नाही, इंजिन दोघींच्या मध्ये कैद.

ब्रिटनमध्ये अ‍ॅलन राइट यांनी एक प्रसिद्ध शंटिंगचं कोडं बनवलं, 'इंगलनुक'. तीन लाइनी. एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींत तीन-तीन. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमाने त्यांची गाडी जोडायची. ऐकायला पोरखेळ. पण आठातून पाच, क्रमाने, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. आमचा मालधक्का आता असाच मांडलाय.

बाबांची पद्धत साधी आहे. ते आधी काहीच हलवत नाहीत. हात मागे बांधून पूर्ण लाइनीवरून चालत जातात, एकेक लेबल वाचतात. मग म्हणतात, "तीन आणि सहा बाहेर काढ. सात मागे ठेव. आता सोड." आणि गाठ सुटते. मी विचारलं, कसं कळतं? "उभं राहून बघायचं. तुम्ही लोक बसून बघता."

वेग? खरी मालगाडी ताशी २५ किलोमीटरने चालली तर आमच्या प्रमाणात ती सेकंदाला एक फूट होते. इतकी सावकाश गाडी चालवून बघा. पहिल्या रविवारी फोन हातात घ्यायची सवय जात नाही. तिसऱ्या रविवारी फोन कुठे ठेवलाय ते आठवत नाही. घड्याळ मात्र आमचं चौपट धावतं, आठ तासांची शिफ्ट दोन तासांत. दहा वाजेपर्यंत 'सेकंड शिफ्ट'वाल्यांना चहा.

घाटही आहे बरं का! बोरघाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात तर एक फूट वर. विटा रचून थोड्या अंतरात आम्ही तोच चढ केला, आणि पाच वाघिणी घेऊन आमचं इंजिन मधेच चाकं फिरवत थांबलं. बाबा खूश! "बघितलंस? म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात." पुढच्या शनिवारी आम्ही खास ते बघायला कर्जतला गेलो. वडापाव खात, प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून. बापलेकीची आजवरची सगळ्यात स्वस्त ट्रिप.

भांडण

मग आमचं भांडण झालं. विषय, कुठलं साल?

बाबांच्या बागेत कायम १९७९ होतं. मी म्हटलं, बाबा, आपण आजचं काहीतरी करू. आजच्या वाघिणी, कंटेनर. ते गप्प. मग म्हणाले, "आजचं काय करणार? आज शंटिंगच नाही."

आणि ते बरोबर होतं. १९८० च्या दशकात रेल्वेने एकेक वाघीण गोळा करणं हळूहळू बंद केलं. पूर्ण रेक भरत असेल तर या. एका ठिकाणी भरायची, एका ठिकाणी रिकामी करायची, मध्ये तोडायची नाही की जोडायची नाही. रेल्वेच्या दृष्टीने शहाणपणाचं. वाघिणी यार्डात आठवडेच्या आठवडे पडून राहणं थांबलं. पण ज्याच्याकडे एकच वाघीणभर माल आहे त्याने काय करायचं? त्याने ट्रक बोलावला. बाबांच्या कंपनीनेही बोलावला. बाबांना मालधक्क्यावरून गेटवर आणलं. पुढची तीसेक वर्षं त्यांनी ट्रकच्या गेटपासवर सह्या केल्या.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"पगार तोच होता," ते म्हणाले. म्हणजे वाटलं.

मग त्यांनीच उलट विचारलं, "तुझ्या कंपनीतून माल निघतो तो कुठे जातो?"

मी सांगितलं, अमुक कस्टमर कोड, तमुक प्लांट कोड.

"गाव सांग."

मला गाव सांगता येईना. खरंच सांगते, चार वर्षं मी त्या कोडला माल पाठवतेय. सोमवारी लंच ब्रेकमध्ये पहिल्यांदा आमच्या डिस्पॅच डॉकवर गेले. एक ट्रक लागला होता. ड्रायव्हरकाका टायरला टेकून डबा खात होते. कुठे चाललात, विचारलं. होसूर, म्हणाले. तीन दिवसांपासून निघायची वाट बघतोय. तीन दिवस! माझ्या स्क्रीनवर तो ट्रक शुक्रवारीच निघालेला होता, हिरव्या रंगात. मी वर जाऊन फोन लावले. पेपर कुठल्या टेबलवर अडकलेत ते शोधलं, संध्याकाळी ट्रक निघाला. काही ग्रेट केलं नाही. पण माझ्या नोकरीतली लेबल वाचलेली ती माझी पहिली वाघीण.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "ट्रकला डेमरेज नाही ना, म्हणून कुणाला घाई नाही."

निळे डबे, नवी नोकरी

पुढच्या रविवारी त्यांनीच सुचवलं, स्टेशनवर जाऊन आजच्या मालगाड्या बघून येऊ. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि टोकाच्या बाकावर बसलो. तुम्हीही कधी बसा. लोकलची गडबड आपली नेहमीची, पण मधेच प्लॅटफॉर्म थरथरायला लागतो आणि लांबलचक मालगाडी सुरू होते ती संपतच नाही. उघड्या बॉक्सएन वाघिणींच्या रेकमध्ये ५८-५९ वाघिणी असतात, एकेक पावणेअकरा मीटरची. म्हणजे सव्वासहाशे मीटरच्या आसपास गाडी. आमच्या प्रमाणातही ती पावणेअठ्ठावीस मीटर होते आणि आमची अख्खी बाग साडेअकरा मीटर!

एक गंमत शिकून ठेवा. फाटकाशी अडकलात तर उपयोगी पडेल. वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेची, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अनुक्रमांक आणि शेवटचा तपासणीचा. म्हणजे पाचवा-सहावा आकडा वाचा आणि शेजाऱ्याला सांगा, "ही २०११ ची." इम्प्रेशन पडतं.

मग एक विचित्र गाडी आली. पॅसेंजरसारखे डबे, पण खिडक्या पत्र्याने बंद. बाबा उभे राहिले. "हे तर आपले जुने डबे!"

खरंच होते. प्रवासी वाहतुकीतून निवृत्त झालेले डबे. सीट काढायच्या, खिडक्या बंद करायच्या, दोन्ही टोकांना मोठे दरवाजे बसवायचे आणि आत नव्याकोऱ्या कार भरायच्या. कार एका टोकाने चढते आणि डब्याडब्यांतून चालत पुढे जाते. रेल्वेच्या भाषेत एनएमजी. चाकणच्या एमआयडीसीत रूळ नाहीत, तिथल्या गाड्यांना रेल्वेपर्यंतही रस्त्यानेच यावं लागतं. पण एकदा अशा रेकमध्ये चढल्या की देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात.

बाबा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत होते. मग बाकावर बसले आणि हसायला लागले. "रिटायर झाल्यावर नोकरी लागली लेकाला."

सुरुवात करायची तर...

तुमच्यापैकी कुणाला खाज सुटली असेल तर माझे चार शब्द. बाग नसेल तर गच्ची चालेल, गच्ची नसेल तर लहान प्रमाणातली गाडी आणि एक फळी पुरेल. इंगलनुकला तेवढी जागा लागते. रूळ वाढवण्याआधी कार्डं बनवा, कार्डाला खर्च नाही. प्रत्येक वाघिणीला एक गाव द्या, खरं गाव. एका जागी माल तयार होऊ द्या आणि दुसऱ्या जागी कुणीतरी त्याची वाट बघत असू द्या. गाडी हळू चालवा. आणि घरात कुणी रिटायर्ड माणूस असेल तर त्याला साहेब करा, हाताखाली तुम्ही राहा. उलट करू नका.

एलव्ही

भांडण मिटलं ते असं. चहाच्या आधी १९७९, चहानंतर आज.

आजच्या गाडीसाठी बाबांनी सहा एनएमजी डबे बनवले, निळ्या रंगाचे, खिडक्यांवर पत्र्याच्या पट्ट्या. कार्ड बनवायला मी बसले आणि लक्षात आलं, सहा डब्यांना सहा कार्डं लागतच नाहीत. अख्ख्या रेकला एकच.

परवाच्या रविवारी ती पहिल्यांदा धावली. सकाळी नेहमीसारखं शंटिंग झालं. तीन आणि सहा बाहेर काढल्या, नंबर सात सिक लाइनला लावली. मांजराने अकरा मिनिटं खाल्ली. मग चहा झाला, मी घड्याळ बदललं आणि दगडामागून गाडी सोडली.

आणि कळलं की आम्हाला आता कामच नाही. गाडी आमच्या स्टेशनावर थांबत नाही. काही तोडायचं नाही, काही जोडायचं नाही, लेबल वाचायचं नाही. मला बाबांकडे बघवेना. वाटलं, उगाच हट्ट केला मी. चाळीस वर्षांपूर्वी एकदा झालंच होतं की हे त्यांच्या बाबतीत.

बाबा नळापाशी गेले, खिशातून हिरव्या ब्लाउजपीसचा तुकडा काढला, काठीला अडकवला आणि मालधक्क्याच्या कडेला ताठ उभे राहिले. स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीला दाखवतात तसा झेंडा धरून. सेकंदाला एक फूट, अशी ती निळी गाडी त्यांच्या समोरून गेली. ते प्रत्येक डबा बघत होते. इंजिन गेलं, सहाच्या सहा डबे गेले, शेवटी ब्रेक व्हॅन. ब्रेक व्हॅनच्या दारात भावाने पाठवलेला एक बोटभर उंचीचा गार्ड उभा आहे. जानेवारी २०२२ पासून रेल्वेत गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण बाबांचा गार्ड तो गार्डच.

ब्रेक व्हॅनच्या पाठीवर त्यांनी एक पाटी लावली होती. पिवळी, त्यावर दोन इंग्रजी अक्षरं, एलव्ही. लास्ट व्हेइकल.

"ही दिसली का बघायची," त्यांनी मला सांगितलं. "गाडी थांबो न थांबो, स्टेशनवरच्या माणसाने ही बघायचीच. नाही दिसली तर समजायचं, मागे डबे तुटून राहिलेत. मग दुसरी गाडी सोडायची नाही."

गाडी पेरूखालून वळली आणि धुण्याच्या दगडामागे गेली.

"कुठे चालली?" बाबांनी विचारलं.

मी कार्ड वाचलं. "गुवाहाटी."

"एलव्ही बघितलीस?"

"बघितली."

"मग लिही. गाडी पूर्ण गेली."